ठिणगी, काळी वायर आणि पिकअप : एका प्रतिक्रियेला उत्तर

कमेंट खरमरीत आहे तुमची, पण चालतंय. तुमचं म्हणणं असं की इलेक्ट्रिक बाइकची ७२ व्होल्टची बॅटरी कंट्रोलरला (मोटरला करंट पुरवणाऱ्या डब्याला) जोडताना फट्ट करून ठिणगी येणारच, काळी वायर आधी लावली की विषय संपला, वर बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) आहेच, आणि मी ठिणगीने गाडी पेटते अशी भीती घालून, रेझिस्टर (करंट अडवणारा भाग) लावायला सांगून लोकांच्या बाइकचं पिकअप घालवतोय. शिवाय तुमचा मेकॅनिक साधा बल्ब लावून हेच काम करतो.

पिकअपचं आधी घेतो, कारण मी लिहिलंय एक आणि तुम्ही वाचलंय भलतंच. रेझिस्टर कायम लाइनमध्ये राहतच नाही हो! आधी त्याच्यातून कंट्रोलरचे कपॅसिटर (आतले चार्ज साठवणारे भाग) भरून घ्यायचे आणि मग मेन प्लग बसवायचा, तो बसला की करंट सगळा जाड वायरीतनंच जातो.

आता काळी वायर. लाल आधी लावा नाहीतर काळी, सर्किट ज्या टोकाला पूर्ण होणार ठिणगी तिथेच पडणार. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणाला जवळपास शॉर्टच असतो. ७२ व्होल्टची बॅटरी म्हणजे २० सेलची सिरीज, ती फुल चार्जला ८४ व्होल्ट, वायरी-बियरी सगळं धरून समजा ०.१ ओहम, म्हणजे हिशोब ८०० अँपिअरच्या वर जातो (करंटला एकदम वाढू न देणाऱ्या वायरीच्या इंडक्टन्समुळे प्रत्यक्षात कमी भरेल, तरी कनेक्टरची वाट लावायला पुरतो). मध्ये १०० ओहम टाका, एक अँपिअरसुद्धा होत नाही आणि १००० मायक्रोफॅरड अर्ध्या सेकंदात भरतात.

बीएमएस शॉर्ट ओळखून कट करेपर्यंत ठिणगी पडूनही गेलेली असते. उलट काही बीएमएस या झटक्यालाच शॉर्ट समजून ट्रिप होतात, मग माणूस बॅटरी डेड निघाली म्हणून दुकानदाराशी भांडत बसतो.

आणि ठिणगीने गाडी पेटते असं मी कुठे म्हटलंय? माझं भांडण कनेक्टरसाठी आहे. तुमचा प्लग काढून उजेडात धरा, पिनेच्या टोकाचा सोनेरी मुलामा उडालेला दिसेल, काळा डाग, नख फिरवलं तर बारीक खड्डे लागतील. एक मिलिओहमचा कॉन्टॅक्ट असा खराब होऊन पाच मिलिओहमवर गेला की ४० अँपिअरला १.६ वॅटची उष्णता ८ वॅट होते, तीही त्या एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत, आणि घाटात फुल थ्रॉटल दिलं की ती मऊ पडायला लागते. ज्यांचे कनेक्टर वितळतात ते बहुतेक कंट्रोलरला शिव्या घालतात.

बल्बचं मात्र शंभर टक्के मान्य, तुमचा मेकॅनिक हुशार आहे. नवीन कंट्रोलर पहिल्यांदा जोडताना मलाही बल्बच आवडतो, क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे नाहीतर चावी चालू राहिलीय. फक्त जुना फिलामेंटवाला घ्या, एलईडी चालणार नाही.

रोज बॅटरी काढून घरात न्यायची असेल तर बल्ब कोण लावत बसणार, तिथे हिरव्या रिंगचा एक्सटी९०-एस कनेक्टर बसवा, त्यात ५.६ ओहमचा रेझिस्टर आतच असतो. चावी बंद ठेवा, प्लग अर्धा घाला, टच झाला की किंचित थांबा आणि सरळ आत दाबा. चावी चालू ठेवून अर्ध्यावर धरून राहिलात तर तो बारका रेझिस्टर जळेल, आणि मग ठिणगी परत सुरू. हिरवी बाजू बॅटरीकडे ठेवा. काळा पडलेला जुना प्लग घासून परत वापरू नका, दोन्ही बाजू नव्या टाका.