गुन्हेगार घडवा, घरबसल्या

कॉलनीला स्वतःचा एक पक्का गुन्हेगार हवा असेल, तर सोळा-सतरा वर्षांचं पोर हेरा. नाशिकातलं सिडको, सातपूर, पंचवटी, कुठलंही चालेल. गंगापूर रोडच्या बंगल्यातलं मात्र नको. तिथलं पोर चुकलं की 'वयच तसं असतं' म्हणायची पद्धत आहे.

आधी स्वभाव तपासा. गप्प बसतो? आतल्या गाठीचा. घडाघडा बोलतो? आगाऊ. नजरेला नजर देतो? माजलाय. मान खाली घालतो? मग नक्कीच काहीतरी करून आलाय. या परीक्षेत कोणी पास झाल्याचं ऐकिवात नाही.

आता समजा, त्याने सीबीएस बसस्थानकावर बाकावरचा मोबाइल उचलला. इथे बाल न्याय अधिनियम 2015, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांसाठीचा कायदा, आडवा येतो. साधी चोरी म्हणजे 3 वर्षांपर्यंतची शिक्षा, म्हणून ती 'किरकोळ' अपराधात मोडते. सोबत कोणी मोठा माणूस नसेल तर एफआयआरही नाही; ठाण्याच्या डायरीत नोंद आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल, बस्स. बेड्या नाहीत, लॉकअप नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी महिला. चौकशीला 4 महिने, फार तर आणखी 2. तेवढ्यात आटपली नाही तर किरकोळ प्रकरण बंदच. एवढं मऊ वागवलं तर पोर सुधारण्याचा धोका आहे.

म्हणून मंडळाच्या आधी ग्रुपवर निकाल लावा. पोलिसांनी पकडलेल्यांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' वदवून घेतलेलं रील तुम्ही फॉरवर्ड केलंच असेल. त्याच बालेकिल्ल्यात या अधिनियमाचं कलम 74 सांगतं की मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायचा नाही, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरू नका. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारा आणि खाली शाळा, बिल्डिंग नि काकाचं किराणा दुकान लिहा. कायद्याचा मान राहतो, ओळखही पटते.

'मोठ्यांसारखी केस चालवा' हेही टाका. तो प्रश्न 16 पूर्ण झालेल्यांचा, तोही किमान 7 वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, आणि तिथेही मुलाची कुवत नि परिस्थिती मंडळ आधी तपासतं. हे वाचत बसू नका, कमेंटमधला जोर जातो.

मंडळ त्याला समज देऊन, समुपदेशन लावून घरी पाठवेल. कलम 24 प्रमाणे त्याला कुठे अपात्र ठरवता येत नाही, ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्डही नष्ट होतं. कॉलनीची स्मरणशक्ती नष्ट करायचं कलम सुदैवाने अजून आलेलं नाही. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत हेल्पर लागला की मालकाच्या कानावर घाला. शाळेचा दाखला आणायला गेला तर वर्तणुकीच्या रकान्याकडे कारकुनाचं लक्ष वेधा.

उरलेलं काम कोपऱ्यावरचा दादा करतो. तो पोराला नावाने हाक मारतो, जेवलास का विचारतो, वाढदिवसाला केक आणून कोयत्याने कापायला लावतो. मुलांना अशा धंद्याला जुंपणाऱ्या मोठ्या माणसाला कलम 83 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांचा दंड आहे. पण त्याची तक्रार तुम्ही करू नका, बरं दिसणार नाही. चौकातल्या त्याच्या फ्लेक्सवर, 'शुभेच्छुक'च्या रांगेत, तुमचाही पासपोर्ट साइज फोटो आहे.