दार उघडे ठेवून कसे झोपायचे?

मागच्या वर्षी ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. निमित्त कूलरचे होते. नागपुरात जयताळ्याकडच्या एका वस्तीत त्यांची एक खोली आहे. वर टिनाचे छप्पर, एक दार आणि एक खिडकी. दोन उन्हाळे पैसे साठवून त्यांनी कूलर घेतला होता, नवे टट्टे (कूलरच्या बाजूंना लावायच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) बसवले होते, आणि तरीही त्यांची तक्रार होती, "मॅडम, हवा येते, पण गार नाही वाटत जी, नुसतं चिपचिप होते." मी तीस वर्षांहून अधिक काळ कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे. खोलीत पाऊल टाकताच कारण माझ्या लक्षात आले आणि ते लक्षात आल्याचा थोडा अभिमानही वाटला. तो पाच मिनिटेसुद्धा टिकला नाही.

आपला नागपुरी कूलर चालतो तो बाष्पीभवनावर. बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या टट्ट्यांतून ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते आणि हवा थंड पण दमट होऊन आत येते. ही दमट हवा खोलीतून सतत बाहेर पडत राहिली तरच पुढची थंड हवा उपयोगी पडते, नाही तर खोलीतली आर्द्रता वाढत जाते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि पंखा कितीही फिरला तरी माणूस उकडून निघतो. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूला हवा जायला वाट हवी, हे आम्ही मुलांना शिकवत आलो. ताईंच्या खोलीतली एकुलती एक खिडकी कूलरनेच अडवली होती आणि दार बंद होते. मी ऐटीत सांगितले, रात्री दार उघडे ठेवा.

"दार उघडं ठेवून कसं झोपाव जी?" त्या म्हणाल्या. "पोरगी दहावीत गेली आता."

गेले वर्षभर मी याच प्रश्नावर विचार करते आहे. त्या खोलीत एक मुलगी बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि तिची आई सकाळी साडेपाचला उठून चार घरचा स्वयंपाक करायला निघते. शिकणे, काम करणे आणि जगणे या ज्या तीन गोष्टींची स्थिती सुधारण्यासाठी उपयोजित संशोधन करायचे असे आपण म्हणतो, त्या तिन्ही तिथे दहा बाय बाराच्या जागेत एकाच टिनाखाली आहेत. माझे भौतिकशास्त्र बरोबर होते, उत्तर मात्र चूक होते, कारण दाराची कडी माझ्या समीकरणात नव्हती. या प्रकारच्या संशोधनात कडी हा बाहेरचा अडथळा मानला जातो. तिला प्रश्नाचाच भाग मानायला हवे, एवढेच मला या पोस्टमध्ये सांगायचे आहे. पण ते सांगायला थोडी जागा लागेल.

वापरणाऱ्याच्या बाजूने प्रश्न कसा मांडावा, याचे एक फार जुने उदाहरण मला नेहमी आठवते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळात एक लाख ही किती प्रचंड रक्कम होती, हे सांगायला नको. पण मला भुरळ पडते ती त्याच्या अटींची. यंत्र दीडशे रुपयांच्या आत बसले पाहिजे, ते झोपडीत चालले पाहिजे, एखाद्या बाईला ते फार न दमता सलग आठ तास चालवता आले पाहिजे, वीस वर्षे टिकले पाहिजे, आणि वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये. सूत किती निघावे याची अट होतीच, पण चालवणारीचा थकवा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्याच बरोबरीने मोजला होता. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही, आणि मला त्यातही कमीपणा वाटत नाही. जी अट पुरी होत नाही ती पुरी झाली असे म्हणायचे नाही, हासुद्धा संशोधनाचाच भाग आहे.

पुढे आपल्या शेजारीच, वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम उभे राहिले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे होते. घाण्याचे, चुलीचे, खाद्यतेलावर जळणाऱ्या मगनदीपाचे प्रयोग तिथे झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय आजही आहे. नागपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर असूनही आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांनी ते पाहिले आहे, हे विचारायला मी कचरते.

चुलीचे पुढे काय झाले, ते मात्र सांगितलेच पाहिजे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर लाखो चुली बसवल्या. प्रयोगशाळेत या चुली कमी धूर करत होत्या, यात वाद नाही. पण नंतर ओडिशातल्या गावांमध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी अशाच चिमणीवाल्या चुली दिलेल्या कुटुंबांकडे चार वर्षे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले. पहिल्या वर्षी फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला होता आणि त्यानंतर तो फरक नाहीसा झाला, कारण चिमणी नियमित साफ झाली नाही, चुलीला तडे गेले, आणि बायका हळूहळू जुन्याच चुलीकडे वळल्या. चौथ्या वर्षी कोणी गेलेच नसते, तर पहिल्या वर्षाचा निष्कर्ष अहवालात छापून सगळे घरी गेले असते. मला वाटते, आपल्याकडे बहुतेक वेळा हेच होते.

नागपूरकर म्हणून ज्या संस्थेचा मला मनापासून अभिमान आहे, त्या नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) कामातही हाच धडा सापडतो. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ती इथे सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. पाण्यातला जादा फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' ही नीरीची देणगी आहे: पाण्यात चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात घालायची, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटी आणि चुना कोणत्याही खेड्यात मिळतो, बादलीत हे करता येते, वीज लागत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांना याहून सुटसुटीत उपाय कोणता हवा? तरीही हे रोज करावे लागते. तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते, चुकले तर पाण्याची चव बिघडते, आणि खाली उरलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न घरातल्या बाईच्याच वाट्याला येतो. रसायनशास्त्र सुटल्यावर जे उरते ते रोजच्या सवयीचे आणि श्रमाचे शास्त्र असते, आणि त्याला आपल्याकडे स्वतंत्र विभाग नाही.

ज्यांनी ते शास्त्र गंभीरपणे घेतले त्यांची उदाहरणे विदर्भातच आहेत. डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीच्या मजुरीचा सरकारी हिशोब पुन्हा तपासला, दिवसभर खणणाऱ्या माणसाला किती अन्न लागते, त्याच्या घरात खाणारी तोंडे किती, हे नीट मोजले आणि चार रुपये रोजाऐवजी बारा रुपये लागतात असे दाखवून दिले. सरकारला मजुरी वाढवावी लागली. हे संशोधन कागद, पेन्सिल आणि आहारशास्त्राची पुस्तके एवढ्यावर झाले, पण त्यातून जितक्या लोकांच्या ताटात भर पडली तितकी भर घालणारी यंत्रे मला फारशी माहीत नाहीत.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने बाळांच्या न्यूमोनियावर काम करताना वापरलेला श्वासमोजणीचा मण्यांचा फळा मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. बाळाचा श्वास मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा जलद असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हा नियम. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि तिच्याकडे घड्याळ नव्हते. तेव्हा एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचे. दहापर्यंत तिला मोजता येत होते, आणि सगळी रचना त्या दहावर उभी केली. पुढे नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास ३९ गावांत झाला, १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात नोंदवले आहे. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही विदर्भातलेच आहे आणि ते फार कडू आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नंतर हातमोजे, मास्क, अंगभर झगा असे संच वाटले गेले. पुरुषभर उंचीच्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन तो झगा तासभर घालून पाहावा, असे मला त्याची रचना करणाऱ्यांना सांगावेसे वाटते. जे अंगावर टिकत नाही ते संरक्षण नव्हे. ही माझी आगपाखड वाटेल, पण मजूर निष्काळजी असतात असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला ताईंची दाराची कडी आठवते.

परत उन्हाकडे येते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरली, आणि मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे स्पष्ट केले. आपण सगळे हसलो. पण सोनेगावच्या हवामान केंद्राची नोंद अचूक असते तेव्हाही ती सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या हवेची असते. टिनाखालच्या खोलीत रात्री अकरा वाजता किती तापमान आणि किती आर्द्रता असते, याची नोंद रोज कोणी घेत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाल्याचे अभ्यासातून पुढे आले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. तिथून देशभर आराखडे झाले, छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम आली. ती चांगलीच आहे. ताईंच्या टिनावर आम्हीही चुना मारला आणि दुपारी फरक जाणवला. पहिल्या दोन पावसांत तो धुऊन गेला, आणि यंदा पुन्हा मारायला छपरावर चढायचे कोणी, यावर चर्चा चालू राहिली.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्प-प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मला बोलावले होते. तिथे मोबाइल अ‍ॅपवर चालणारा कूलर होता. मुले हुशार होती आणि त्यांनी मेहनत घेतली होती, पण प्रदर्शन फेब्रुवारीत होते. हे जरा नीट पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पावसाळ्यात सुरू होतात, थंडीत बांधले जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर तपासले जातात, आणि ज्या मे महिन्यासाठी ते केले त्या मे महिन्यात मुले परीक्षा देऊन गावी गेलेली असतात. मृग लागल्यावर, जेव्हा हवा दमट होते आणि कूलर कुचकामी ठरतो, त्या दिवसांत तर विचारूच नका. शहरात इतकी महाविद्यालये असून उष्णतेवरचा एकही प्रकल्प उष्णतेत तपासला जात नाही, यात कोणाचाही दुष्टपणा नाही; हा दोष निव्वळ वेळापत्रकाचा आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त होण्यासारखा आहे. एका तुकडीने केलेला प्रकल्प पुढच्या तुकडीने त्याच घरात जाऊन तपासावा आणि तो बंद पडलेला आढळला तर का बंद पडला हे लिहिण्याला पूर्ण गुण द्यावेत, असे मी त्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत लिहिले. चहा उत्तम होता. वहीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

ताईंच्या खोलीपुरते सांगायचे तर, घरमालकाची परवानगी काढून आम्ही कूलरच्या समोरच्या भिंतीत, छपराच्या अगदी खाली, दोन विटांची जागा मोकळी करून जाळी बसवली. इतक्या उंचावर कोणाचा हात पोहोचत नाही, त्यामुळे दार बंद ठेवूनही हवा बाहेर जाते. पहिल्या रात्रीनंतर ताई म्हणाल्या, "मस्त झोप लागली जी," आणि मी मनातल्या मनात निबंध लिहून टाकला. यंदा एप्रिलमध्ये पुन्हा गेले तर जाळीत गोणपाट कोंबलेले होते. थंडीत तिथून गार वारा येत होता म्हणून मुलीने ते लावले होते, आणि नंतर धूळ वह्यांवर पडते म्हणून तसेच ठेवले होते. आता खालून दोरीने उघडबंद करता येईल अशी पत्र्याची झडप हवी आहे. कॉटन मार्केटजवळच्या एका कारागिराला माप दिले आहे. तो म्हणतो लग्नसराई संपल्याशिवाय हात लावणार नाही.