इथे माणूस आहे

परवा एका संगीत महोत्सवात (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी परत जायचंय) मला एका सतरंजीने हाकलून लावलं. तिच्यावर एक काका बसले होते हे खरं, पण हुकमत सतरंजीचीच.

उघडं मैदान, भारतीय बैठक, मी वेळेच्या बराच आधी हजर. समोर निळ्या पट्ट्यांची, आठ माणसं आडवी होतील एवढी सतरंजी आणि तिच्यावर एकटे काका. एका कोपऱ्यात थर्मास, दुसऱ्यात कानटोपी, तिसऱ्यात चपला. मी कडेला टेकणार, तोच आवाज आला.

"इथे माणूस आहे."

"कुठे?"

"येतोय."

"मग इथे बसू?"

"तिथे ताई आहेत." तिथे थर्मास होता.

"आणि त्या कोपऱ्यात?"

"जावई. निघालेत घरून."

"ते आले की उठतो मी."

"असं सगळेच म्हणतात हो. गेल्या वर्षी एकाला बसू दिलं, भैरवीला हलवून उठवावं लागलं त्याला."

"जावयांना गाण्याची फार आवड दिसते."

"छे! अजिबात नाही. पण म्हणून जागा धरायची नाही की काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी काकांनी कानटोपी चार बोटं सरकवली. माझा अर्धा देह सतरंजीवर आणि अर्धा जाजमाखालच्या खडीवर, अशी तडजोड झाली.

काका जाणकार होते. म्हणजे दाद द्यायचे. त्रितालाच्या सोळा मात्रा, सम पहिलीवर, दाद द्यायची ती तिथे. नववीवर 'काल', म्हणजे रिकामी जागा, तिथे टाळीसुद्धा द्यायची नसते, हात नुसता बाजूला करायचा. काका बरोब्बर नववीवर "क्या बात है!" करून मांडीवर थाप मारत. तीही माझ्या. एखादी चुकली असती तर योगायोग म्हटलं असतं, पण काकांचं गणित पक्कं होतं. मध्येच हवेतल्या दमटपणाने तबल्याचा सूर उतरला. तो परत चढवायला तबलजी हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकू लागले, तर काका मला म्हणाले, "घरून दुरुस्त करून आणायला नको का?"

आमच्या पुढे दोन रांगा सोफे होते, मान्यवरांसाठी राखीव. मान्यवर दीपप्रज्वलन करून, शाल-श्रीफळ घेऊन, एकमेकांची भाषणं ऐकून कधीच गेले होते. खडी फारच रुतायला लागली तेव्हा मी तिकडे गेलो. बिल्ला लावलेला पोरगा आडवा आला.

"काका, हे मान्यवरांचं आहे."

मला काका म्हणाला, तेही सोसलं. "अरे, ते गेले."

"हो, पण राखीव आहे ना."

त्या भाषणांनी पाऊण तास खाल्ला होता, आणि तो कुठून भरून निघणार? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण आमच्या महोत्सवाला कोण देतंय! 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एकेकाळी रात्र-रात्र गाणं चालायचं, हे आम्ही आता नुसतं सांगायचं. मालकंस हा मध्यरात्र उलटल्यावरचा राग. परवा तो नऊ वाजता सुरू झाला, तोही आयोजकांची 'आवरतं घ्या' ही चिठ्ठी समोर ठेवून. बाई सुरेख गात होत्या. आलापी नुकती कुठे मनाजोगी जमत होती, काकासुद्धा थाप मारायचे थांबले होते, आणि दहाला माईक बंद. तानेच्या मध्यात. हे चीड आणणारंच आहे. नियम हवा, माझं काही म्हणणं नाही. आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण मग तो भाषणांच्या आधी आठवावा.

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी मिरवणूक चालली होती. डीजेच्या भिंती, छातीत धडधड, बाजूच्या दुकानांची शटरं थरथरतायत. सव्वादहा झाले होते. तिच्यासाठी गाड्या अडवून उभ्या असलेल्या हवालदारांना मी विचारलं, "साहेब, दहाचा नियम आहे ना?"

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणता? ऐकू येत नाही!"