रेव्हरंड ना. वा. टिळकांविषयी खुलासा

कवी नारायण वामन टिळक यांनी अखेरीस ख्रिस्ती धर्म सोडून साताऱ्यात संन्यास घेतला, असा मजकूर सध्या साताऱ्यात फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये सोडली ती मिशनची पगारी नोकरी. ख्रिस्तावरील निष्ठा १९१९ मधील मृत्यूपर्यंत ढळली नाही. साताऱ्यात त्यांनी मांडलेल्या ‘देवाच्या दरबारा’त, म्हणजे ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघात, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तेथेच असावे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात. चाल आपल्या अभंगाची आणि नाम येशूचे, हे मला फार मोलाचे वाटते.