‘इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मधुमेहींच्या घरांत एक लांबलचक मराठी संदेश वारंवार फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. इन्सुलिन ही आजाराची शेवटची पायरी आहे. एकदा टोचले की त्याची सवय लागते आणि स्वादुपिंड आळशी होते. त्याने डोळे आणि किडन्या जातात. आधी टाइप 2 सांगून नंतर टाइप 1 सांगणाऱ्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. कडक पथ्य आणि कारल्या-मेथीचा रस घेतला तर सुई लागतच नाही. आणि हे सारे कंपन्यांच्या नफ्यासाठी दडपले जाते. ज्याचे निदान नुकतेच बदलले आहे आणि ज्याच्या हाती पहिल्यांदाच इन्सुलिनचे पेन आले आहे, त्याला हा संदेश नेमका त्याच आठवड्यात मिळतो, कारण बातमी कळताच काळजीपोटी तो पुढे पाठवणारे चार जण प्रत्येक गोतावळ्यात असतातच. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांच्यावर राग नाही. पण संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

सुरुवात निदानापासून करू. प्रौढ वयात साखर वाढलेली आढळली की बहुतेक वेळा ते टाइप 2 (शरीरात इन्सुलिन बनते, पण पुरेसे पडत नाही) असते, म्हणून डॉक्टर तसे धरून गोळ्या सुरू करतात, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरच असते. काहींच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी हळूहळू नष्ट करत असते. हा मुलांतल्यासारखा झपाट्याने येणारा टाइप 1 नसतो. तो काही महिने किंवा काही वर्षे गोळ्यांना दाद देतो आणि मग देईनासा होतो. प्रौढ वयात सावकाश येणाऱ्या टाइप 1 च्या या प्रकाराला ‘लाडा’ म्हणतात. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात टाइप 2 म्हणून नोंदवलेल्या दर दहांपैकी साधारण एका रुग्णाच्या रक्तात अशा हल्ल्याची खूण असलेली प्रतिपिंडे सापडली होती, आणि त्यांच्यातील तरुण रुग्णांपैकी बहुतेकांना सहा वर्षांच्या आत इन्सुलिन लागले. पहिल्या दिवशी जे दिसू शकत नव्हते ते नंतर दिसले, म्हणून निदान बदलले. जीएडी प्रतिपिंडांची (हीच त्या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइडची तपासणी याचसाठी करतात. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते तेव्हा तेवढेच सी-पेप्टाइड रक्तात सोडते आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते, त्यामुळे स्वतःचे उत्पादन किती उरले आहे हे त्यावरून समजते. अंगाने सडपातळ असून, पथ्य पाळून, गोळ्या वाढवूनही ज्याची साखर चढत राहते, त्याने ही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारायला हरकत नाही. विचारणे महत्त्वाचे अशासाठी की डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही गोळ्या अशा रुग्णाला इन्सुलिनच्या जोडीशिवाय दिल्या, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसचा, धोका संभवतो.

‘सवय लागते, सुटत नाही’ या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. टाइप 1 मध्ये इन्सुलिन सुटत नाही हे खरे, पण त्याचे कारण शरीर ते बनवत नाही हे आहे. थायरॉइडची गोळी आयुष्यभर घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. टाइप 2 मध्ये तर गरोदरपणी, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा मोठ्या जंतुसंसर्गात इन्सुलिन सुरू करून पुढे थांबवल्याची उदाहरणे रोजची आहेत. स्वादुपिंड आळशी होण्याबद्दल म्हणाल, तर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका अभ्यासात नव्याने निदान झालेल्या टाइप 2 च्या रुग्णांना सुरुवातीलाच थोडा काळ इन्सुलिन देऊन सर्व औषधे थांबवली होती. त्यांतील जवळपास निम्म्या रुग्णांची साखर वर्षभरानंतरही औषधाविना आटोक्यात होती. गोळ्या दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. थकलेल्या बीटा पेशींना विश्रांती मिळाली की त्या सावरतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

डोळे आणि किडन्यांविषयीची भीती मात्र पूर्णपणे हवेतून आलेली नाही, म्हणून तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे. गावात एखाद्या काकांना इन्सुलिन सुरू झाले आणि वर्षभरात त्यांना डायलिसिसवर जावे लागले, असे अनेकांनी पाहिलेले असते. त्यामागचा क्रम बहुधा उलटा असतो. किडनीचे काम मंदावले की कित्येक गोळ्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टर इन्सुलिनकडे वळतात; किडनी आधीच बिघडलेली असते. डोळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खरी आहे. अनेक वर्षे चढी राहिलेली साखर फार वेगाने खाली आणली, तर पडद्याचा विकार काही काळ वाढू शकतो, आणि म्हणूनच इन्सुलिन सुरू करण्याच्या सुमारास नेत्रपटल तपासून घ्यायला सांगतात. दीर्घ काळाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये आले, तेव्हा इन्सुलिनने साखर काटेकोर ठेवणाऱ्या टाइप 1 च्या रुग्णांत डोळ्यांचा विकार नव्याने जडण्याचे प्रमाण 76 टक्क्यांनी कमी आढळले. किडनीच्या बिघाडातही मोठी घट होती.

आता पथ्य आणि कारल्याचा रस. हा संदेशाचा सर्वांत लाडका भाग आहे आणि सर्वांत घातकही. टाइप 1 मध्ये निव्वळ पथ्यावर काय होते, हा प्रयोग जगाने एकदा केलेला आहे. इन्सुलिन येण्याआधी अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक अॅलन रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण तेवढाच उपाय हाती होता. त्याने आयुष्य काही महिन्यांनी, फार तर थोड्या वर्षांनी लांबत असे. मुले हाडांचा सापळा होऊन अखेर दगावतच. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोमध्ये ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता आणि त्याचे वजन तीस किलोच्या आत आले होते. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिल्यावर साखर उतरली, आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. पथ्याने मधुमेह उलटल्याची खरी उदाहरणे आहेत, ती नाकारण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ अभ्यासात वजन उतरवणाऱ्यांपैकी 46 टक्के रुग्ण वर्षभरात औषधांविना राहू शकले. पण ते सारे टाइप 2 चे, सहा वर्षांच्या आत निदान झालेले होते, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांचा अनुभव लाडाच्या रुग्णाला लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेण्यासारखे आहे.

नफ्याविषयी थोडक्यात. इन्सुलिनचा शोध लावणारे बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले होते. आजची नवी इन्सुलिने महाग आहेत ही तक्रार रास्तच आहे. पण आपल्याकडे साध्या मानवी इन्सुलिनच्या बाटलीची किंमत सरकारी नियंत्रणाखाली असते, हेही सांगायला हवे. काही संदेशांत ‘हे डुकरापासून बनवतात’ अशी पुरवणी जोडलेली असते. पूर्वी तसे होते. 1982 पासून मात्र जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आहे आणि आज सर्रास तेच, किंवा त्याचीच सुधारित रूपे, वापरात आहेत.

या संदेशाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार अशी की तो खोट्या धोक्यांवर पानभर लिहितो आणि खऱ्या धोक्यांविषयी चकार शब्द काढत नाही. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला 40 युनिटचे असते आणि पेनमधले 100 युनिटचे. सिरिंजही त्यानुसार वेगळी असते: लाल टोपणाची 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. दुकानदाराने घाईत भलती दिली तर मात्रा अडीच पटीने चुकते, तेव्हा काउंटरवरच टोपणाचा रंग पाहून घ्यावा. साखर 70 च्या खाली गेली, हात कापू लागले, दरदरून घाम फुटला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे; चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. एकाच जागी रोज टोचल्याने कातडीखाली गाठ येते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून पोटावर व मांडीवर जागा बदलत राहावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर बाटली मातीच्या ओलसर भांड्यात ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात मात्र ती कधीही ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. आणि टाइप 1 च्या रुग्णाने एकादशीचा उपवास असो वा उलट्यांमुळे पोटात काही ठरत नसो, दिवसभराचे पायाभूत इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्रा किती कमी करायची ते डॉक्टरांना फोन करून ठरवावे, आणि उलट्या थांबत नसतील किंवा श्वास जोरजोरात चालू लागला तर थेट दवाखाना गाठावा.