घ्या, डिस्कच घ्या!

दिवाळी झाली, साताऱ्यात पहाटे पांघरूण ओढून घ्यायची वेळ आली, की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. साखर कारखान्यांचे बॉयलर आणि डिस्क ब्रेकवाली रोड बाईक घ्यायची तुमची चर्चा. बॉयलर निदान काही महिने पेटलेले राहतात.

तर आधी बजेट ठरवा आणि तो आकडा घरात सांगून टाका, म्हणजे एका ठिकाणी तरी तो कायम राहील. तुमच्या डोक्यातला हलणारच आहे. शिमानो कंपनीचे रोड बाईकचे गिअर संच पायरीपायरीने चढत जातात: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105. सुरुवात क्लॅरिसपासून करा. पुढे दोन चक्रं, मागे आठ, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. यवतेश्वरचा घाट चढायला एवढं पुष्कळ झालं, आणि नेमकं म्हणूनच ते घ्यायचं नाही. पुष्कळ झालं असं वाटणारी वस्तू घेण्यात कसली मजा? थोडे पैसे घातले की सोरा मिळतं, मागे नऊ. सोरापर्यंत आलाच आहात तर टियाग्रा काही लांब नाही, मागे दहा. आणि टियाग्रा घेणाऱ्याने 105 का घेऊ नये, याचं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा वाचलेले पैसेही वरच्या पायरीवरच ठेवायचे. सरकारने ते त्यासाठीच सोडलेत.

एवढी यातायात करून, समजा तुम्ही सोरावर थांबलात. पहिल्याच रविवारी राजवाड्यापाशी चहाला थांबाल, तेव्हा मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ सायकलभोवती एक फेरी मारतील आणि विचारतील, "गिअर किती हायत?" दोन नव्वे अठरा, हे तुम्ही अभिमानाने सांगाल. "आमच्या पुतण्याच्या सायकलला एकवीस हायत. डिस्क पन हाय की तिला, दोन्हीकडं." त्यावर वाद घालू नका. पुतण्याच्या सायकलचं वजन किती हे विचारण्याचा मोह होईल, तोही आवरा. ते "चांगलीय की, दणकट हाय" असं म्हणतील आणि तुम्हाला आणखी एक चहा लागेल.

हिवाळी सायकल कशी असावी हे ठरवताना सल्ला मात्र इंग्लंडच्या माणसाचाच घ्यायचा. तो व्हिडिओत भर पावसात उभा राहून सांगतो, आणि त्याचं म्हणणं शब्दन् शब्द खरं आहे. त्यांच्याकडे थंडीत रस्ते ओले असतात, बर्फ धरू नये म्हणून वर मीठ टाकलेलं असतं. ओल्या रिमवर जुन्या ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं आणि मग कुठे पकड घेतं. त्या चिखलातली बारीक वाळू रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडत जाते. दोनचार हिवाळ्यांत रिमच झिजून बाद. डिस्कची चकती चाकाच्या मधोमध, चिखलापासून वर असते. झिजलेच तर पॅड आणि चकती झिजते, ती बदलायची, चाक शाबूत. म्हणून तो म्हणतो डिस्क घ्या, मडगार्डला भोकं असलेली फ्रेम घ्या, 32 मिलिमीटर रुंदीचा टायर बसेल एवढी जागा बघा.

आता तुमचा हिवाळा. डिसेंबरात पोवई नाक्यावर धूळ उडते. रस्त्यावर ओल म्हणजे फार तर दव आणि कुणीतरी अंगणात मारलेला सडा. त्या इंग्रजाचा हिवाळा आपल्याकडे जूनमध्ये येतो. केळघरच्या घाटातून महाबळेश्वरकडे जा जुलैत, जिथे वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे डिस्क ब्रेक कशासाठी जन्माला आला ते बोटांना कळेल. पण जुलैत सायकल काढायची तर भिजायला होतं, सर्दी होते. तेव्हा डिस्क थंडीसाठीच घ्या.

शर्यतीतल्या लोकांना मात्र हे इतकं सहज सुचलं नव्हतं. 2016 मध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसो हा स्पॅनिश सायकलपटू पडला, पायाची खोल जखम डिस्कच्या चकतीने झाली असं त्याचं म्हणणं होतं, आणि जागतिक संघटनेने डिस्कची चाचणीच थांबवली. 2017 च्या सुरुवातीला ती पुन्हा सुरू झाली, आणि रोड शर्यतींत कायमची परवानगी मिळाली जुलै 2018 मध्ये. तुम्ही हाच निर्णय जेवण झाल्यावर बडीशेप चघळत घेतलात. बुद्धी बुद्धीचा फरक असतो.

सायकल घरी आली की ती आवाज करील. 'सिंग... सिंग...' असा, दर फेऱ्याला एकदा. स्वस्तातल्या केबल डिस्कमध्ये बहुधा एकाच बाजूचा पॅड हलतो. तो चकतीला जरासा वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं अंतर अधूनमधून हाताने जुळवावं लागतं. कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक घट्ट दाबून धरायचा, तसंच धरून बोल्ट आवळायचे. चकती वाकलेली नसेल तर बहुतेक वेळा आवाज जातो. ॲलन कीचं काम, चहा गार व्हायच्या आत होणारं. हे अजिबात शिकू नका. सायकल घेऊन थेट त्या दुकानात जा जिथे शाळेत असताना तुमच्या सायकलचं ओव्हरऑइलिंग व्हायचं.

तिथला माणूस हाताचा पक्का आहे. नुसत्या नजरेने रिमचा आऊट काढतो. तो चाक फिरवेल, कान देईल, मान हलवेल, आणि खांबाला अडकवलेली तेलाची कुप्पी काढून तिची लांब चोच थेट चकतीवर टेकवेल. टिप, टिप. चाक दोन फेरे फिरवेल. आवाज बंद! पैसेही घेणार नाही, "असू द्या, नवी गाडी हाय." आवाजाबरोबर ब्रेकही बंद झालेला असतो, पण ते दुकानात कळत नाही. ते कळतं यवतेश्वरहून बोगद्याकडे उतरताना, पहिल्या वळणावर. तेल पॅडच्या अंगात मुरतं. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा चालू होते. पॅड बहुतेक वेळा फेकावेच लागतात. दुकानदाराचा यात काडीचा दोष नाही. घासणाऱ्या लोखंडाला तेल द्यायचं, हा नियम डिस्क येईपर्यंत तरी बरोबरच होता.

नवे पॅड टाकल्यावर रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, न थांबता दाबून कमी करायचा, असं दहा-वीस वेळा करायचं असतं. त्याने पॅडचा पातळ थर चकतीवर बसतो आणि मग खरी पकड येते. पण कॉलनीत असं करताना लोक गॅलरीतून बघतात, तेव्हा राहू द्या.

उतारावर काय करायचं ते मात्र तुम्हाला आपसूक येईल: कासपासून खाली येईपर्यंत ब्रेक थोडा थोडा दाबून धरून ठेवायचा. चकती तापते, स्वस्त रेझिनचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात, करपल्याचा वास येतो. वळणाआधी जोरात दाबून मग मोकळं सोडणारी माणसं वेगळी. त्यांना घाई असते.

पैसे उरले, जे उरणार नाहीत, तर टायरवर घालू नका. टायर काळा, गोल, सगळे सारखेच. आता ब्रेक चाक थांबवतो आणि तुम्हाला थांबवतो तो टायर, असं जाणकार सांगत बसतात. कोरड्या रस्त्यावर चाक जाम करण्याएवढा जोर साध्या चांगल्या रिम ब्रेकमध्येही असतो. त्यापुढे सगळा मामला रबराच्या पकडीचा. पंचवीसच्या जागी अठ्ठावीस किंवा बत्तीसचा बरा टायर, हवा जरा कमी, एवढ्याने घाटातल्या खडीवर जो फरक पडतो तो गिअरच्या दोन पायऱ्या चढूनही पडत नाही. पण टायर कुणाला दाखवणार? फोटोत चकतीच दिसते, भोकंभोकं असलेली, उन्हात चमकणारी.

आणि दिवा तर बिलकुल घेऊ नका. जानेवारीत सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. तुम्ही निघणार साडेपाचला, कारण तशी पद्धत आहे. हाच ऊस गळिताचा हंगाम. समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागचे रिफ्लेक्टर पाचटामागे झाकलेले, आणि चालकाच्या डोक्यावर लग्नाच्या मंडपात शोभेल एवढा साउंड. तुमची घंटी त्याला ऐकू जाणार नाही, तुमची काळी जर्सी त्याच्या मागून येणाऱ्या टेम्पोला दिसणार नाही. ट्रॉलीतून गळून पडलेलं उसाचं कांडं अंधारात रस्त्यावर आडवं पडलेलं असतं. त्यावर पुढचं चाक गेलं की ते गोल फिरतं. अशा वेळी ब्रेक दाबून पाहा, 160 मिलिमीटरची चकती आपलं काम चोख करते. चाक जागच्या जागी थांबतं. तुम्ही पुढे जाता.

थंडीचे कपडे घ्यायचेच आहेत तर थर्मल जॅकेट घ्या, ते इंग्लंडातल्या माणसानेही घातलं होतं. बोगद्यापर्यंत हुडहुडी, चढ लागला की अर्ध्या घाटात घामाची आंघोळ. मग जॅकेट कंबरेला बांधून वर जायचं.

हवा भरायला चौकात थांबाल तर पंक्चरवाल्याचा पाइप तुमच्या बारीक वॉल्वला बसणार नाही. थोडक्या पैशांत पितळी ॲडॉप्टर मिळतो. घेऊ नका, इतक्या भारी सायकलला इतकी स्वस्त वस्तू बरी दिसत नाही.

मार्चमध्ये ऊन तापलं की फेऱ्या आपोआप कमी होतात. एप्रिल-मेमध्ये लग्नं असतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, रस्ते ओले झाले, की सायकल गच्चीच्या जिन्याखाली घ्या आणि वर जुनी चादर टाका, नाहीतर चकतीला गंज चढेल. मग निवांत बसून जाहिरात लिहा: 'सोरा गिअर, डिस्क ब्रेक, एकहाती वापर, पावसात अजिबात चालवलेली नाही. किंमत समोर बसून ठरवू.'