सनदेची तारीख वाया घालवू नका

एलएलबीचा निकाल लागला की कॉलेजच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "सनदेला (म्हणजे वकिलीच्या परवान्याला) किती लागतात?" उत्तर सोपं आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम २४ नुसार राज्याच्या बार कौन्सिलला (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) ६०० रुपये, बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०. एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातींना १२५. स्टॅम्प ड्युटी असली तर ती वेगळी. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लायब्ररी फंड, प्रोसेसिंग, ओळखपत्र असली नावं देऊन याच्यावर एक रुपयाही घेता येणार नाही. पुढे 'ऐच्छिक' फीची पळवाटही बंद केली. मात्र आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

फीवर एवढी चर्चा होते, आणि अर्ज अडकतो भलत्याच ठिकाणी.

सगळ्यात जास्त अडतो नावावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पदवीवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. क्रमाचा किंवा स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर शपथपत्रावर भागतं. नावच बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र हवं. हे काम शेवटच्या सेमिस्टरमध्येच उरकायचं, निकालानंतर नाही. सनदेवर जे नाव छापून येतं तेच पुढे प्रत्येक वकीलपत्रावर जातं.

दुसरी अडचण शिक्षणाची. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीतून थेट बीए आणि मग तीन वर्षांचं एलएलबी केलं असेल, तर २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्समधला नियम ५ आडवा येतो; अशा थेट पदवीवर लॉचा प्रवेश तो मान्य करत नाही. खरं तर हे लॉच्या प्रवेशाच्या वेळीच कोणीतरी सांगायला हवं. कॉलेजं फी घेऊन गप्प बसतात, याचा मला राग आहे.

तिसरी नोकरी. पूर्णवेळ पगारी नोकरी चालू असताना वकिली चालत नाही. 'कंपनीला कुठे कळतंय' म्हणून खोटं प्रतिज्ञापत्र देऊ नका, पुढे तेच तक्रारीचं मूळ होतं. आधी राजीनामा, हातात रिलिव्हिंग लेटर, मग अर्ज. सनद घेतल्यावर नोकरी लागली तर कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची. कायदा शिकवायला मात्र मुभा आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत.

आता एआयबीई, म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर पास होईपर्यंत कोर्टात उभं राहता येत नाही. फी खुल्या गटाला ३५००, म्हणजे सनदेच्या फीच्या जवळपास पाचपट! पेपर मराठीतूनही देता येतो. १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४०). सगळा अभ्यासक्रम चघळत बसू नका. राज्यघटना, फौजदारी प्रक्रिया, दिवाणी प्रक्रिया यांचे प्रत्येकी १० प्रश्न. दंड संहिता, पुरावा, कौटुंबिक कायदा, करार-मालमत्ता यांचे प्रत्येकी ८. झाले ६२. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं) नेता येतात, पण कोरे. समासात पेन्सिलीने टिपण असलं तरी काढून घेतात. आणि बीएनएस (नवी दंड संहिता), बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) यांच्या नव्या प्रती घ्या. मोठ्या भावाची सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, उपयोगाची नाही.

काहीजण म्हणतात, आधी एखादं वर्ष अभ्यास करतो, मग सनद घेतो. ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांना हे आता परवडणारं नाही. २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली, आणि ती मोजली जाते तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे एआयबीईआधी मिळणाऱ्या सनदेच्या तारखेपासून, एआयबीई पास झाल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे सनद जितके महिने लांबवाल तितके महिने ती परीक्षाही लांबते. अनुभवाचा दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा. नुसतं सिनिअरच्या चेंबरमध्ये बसून हा दाखला मागायला गेलात तर कोणी विचारलंच की दाखवायला काही हवं. ज्या तारखांना तुम्ही हजर होतात त्यांच्या रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या नोंदीच्या) प्रती पहिल्या महिन्यापासून एका फाईलला लावत जा.